एर्लांगेनच्या टेकडीवर आईबाबांसह

जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे आई-वडील येतात ते बहुधा मे-जूनमध्ये, कारण थंडी सरलेली असते आणि रात्री नऊपर्यंत उजेड असतो. नेमक्या याच काळात फ्रँकोनियातील, म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागातील, गावोगावी बिअरचे उत्सव सुरू होतात. पाहुण्यांना तिथे न्यावे की नाही, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत दरवर्षी निघतो आणि पुष्कळदा 'त्यांना नाही आवडायचे' एवढ्यावर मिटतो. आमच्या घरी तो अधिक अवघड होता. माझी आई माळकरी आहे, आणि जिथे दारू आहे तिथे ती लग्नकार्यातसुद्धा थांबत नाही. बाबांची सारी नोकरी कोल्हापूरकडच्या एका सहकारी दूध संघाच्या शीतगृहात यंत्रे सांभाळण्यात गेली. त्यांना वर्ज्य असे काही नाही, परंतु आईला घरी ठेवून ते कुठेही जात नाहीत. शिवाय बरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. तरीही आम्ही सहाही जण एर्लांगेनच्या बेर्गकिर्शवाय या टेकडीवरच्या बिअर-उत्सवाला गेलो, भर दुपारपासून संध्याकाळपर्यंत तिथे राहिलो आणि दिवस फार चांगला गेला. तो कशामुळे चांगला गेला हे तपशिलाने लिहावेसे वाटते, कारण अशा उत्सवाला वडीलधाऱ्यांना आणि लहान मुलांना घेऊन जाता येते, किंबहुना त्यांना घेऊनच जावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

एर्लांगेन हे न्यूरेंबर्गच्या उत्तरेला, रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेले विद्यापीठाचे शहर आहे. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत. जुन्या गावाच्या उत्तरेला श्वाबाख ही लहानशी नदी ओलांडली की बुर्गबेर्ग नावाची टेकडी लागते, आणि या टेकडीच्या दक्षिण उतारावर पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास बारा दिवस हा उत्सव भरतो. १७५५ मध्ये गावातला पेंटेकॉस्टचा बाजार टेकडीवर हलवण्यात आला तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. म्युनिकचा जगप्रसिद्ध ऑक्टोबरफेस्ट १८१० मध्ये बव्हेरियाचे युवराज लुडविग यांच्या विवाहाच्या निमित्ताने सुरू झाला, आणि योगायोग असा की त्याच वर्षी एर्लांगेन बव्हेरियाच्या राज्यात सामील झाले. म्हणजे हा उत्सव ऑक्टोबरफेस्टहून अर्धशतकाने जुना आहे, आणि ही गोष्ट इथला प्रत्येक माणूस पहिल्या भेटीतच सांगतो. बारा दिवसांत मिळून दहा लाखांच्या आसपास लोक टेकडी चढतात. उद्घाटन पेंटेकॉस्टच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता होते; महापौर पहिल्या पिंपाला लाकडी हातोड्याने तोटी ठोकतात आणि मोफत बिअर मिळवण्यासाठी त्या पिंपाभोवती गर्दी उसळते. पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी विद्यापीठात तासही होत नाहीत. आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेत गाव ज्या तऱ्हेने कामधंदा बाजूला ठेवते, तोच प्रकार.

आम्ही जाण्यासाठी निवडली ती पेंटेकॉस्टनंतरच्या आठवड्यातली एक साधी दुपार. बव्हेरियात या वेळी शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी असते, त्यामुळे मुलांची अडचण नव्हती. शनिवार-रविवार आणि कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतरचा वेळ आम्ही मुद्दाम टाळला. दुपारी टेकडीवर आजी-आजोबा, बाबागाड्या आणि कार्यालयातून जेवायला आलेली मंडळी दिसतात; संध्याकाळी विद्यार्थी आणि तरुण मुले येतात, वाद्यवृंदाचा आवाज वाढतो, लोक बाकांवर उभे राहून गाऊ लागतात आणि मुख्य रस्त्यावर पाऊल टाकायलाही जागा उरत नाही. दोन्ही वेळा आपापल्या परीने रंगतदार आहेत, परंतु सत्तरीच्या माणसांना आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे असेल, तर दुपारी जाण्याला पर्याय नाही.

तयारी फारशी लागत नाही, मात्र काही गोष्टी घरातूनच ठरवून निघाव्यात. मोटार काढू नये. जर्मनीत गाडी चालवताना रक्तातील मद्यार्काची मर्यादा अर्धा प्रोमिल, म्हणजे हजारात अर्धा भाग, आहे आणि एका मोठ्या मगानंतर ती ओलांडली जाण्याची शक्यता असते; शिवाय टेकडीच्या आसपासचे रस्ते या दिवसांत बंदच असतात. स्थानकावरून जुन्या गावातल्या हाउप्टश्ट्रासेने सरळ उत्तरेला चालत गेले की वीसेक मिनिटांत टेकडीचा पायथा येतो. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत ठेवावी, कारण पाळण्यांपासून शौचालयापर्यंत सगळीकडे रोखीचा व्यवहार सोपा पडतो. मोठी पाठपिशवी आणि काचेच्या बाटल्या नेऊ नयेत. आम्ही एक लहान कापडी पिशवी, पाण्याची बाटली, आईसाठी शाल आणि बसायला दोन पातळ उशा घेतल्या. मुलाच्या मनगटावर बॉलपेनने माझा फोन क्रमांक लिहिला. तो चुकला असता तर क्रमांक वाचून कोणीही फोन करू शकले असते. आणि आईने सकाळी उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली, कारण 'तिथे मला काही चालेल की नाही कोण जाणे' ही तिची शंका रास्त होती.

पायथ्याशी बदामाचा खमंग वास येतो. तांब्याच्या गोल कढयांमध्ये साखर, दालचिनी आणि बदाम सतत हलवत भाजत असतात, आणि साखर आधी पांढरी कोरडी होऊन मग पुन्हा विरघळून बदामाला तांबूस चकचकीत कवच धरते. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. पाक कोणत्या क्षणी कढई खाली उतरवायला सांगतो हे तिला दुरूनच कळत होते, आणि विक्रेत्या बाईंनी तिला गरम बदामांची चिमूटभर चव दिली. उत्सवातला आईचा पहिला पाव तास असा गेला. मला आतून असलेली धाकधूक तिथेच निम्मी झाली.

यापुढचा मार्ग चढणीचा आहे. डाव्या-उजव्या हाताला पाळणे आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, वर जुन्या चेस्टनट आणि लिंडेनच्या झाडांचे गर्द छत, आणि उतारावर एकाखाली एक अशा पायऱ्यांवर लाकडी बाक-टेबलांच्या रांगा. या प्रत्येक बैठकीला इथे 'केलर' म्हणतात, म्हणजे तळघर. वरवर पाहता हे उघड्यावरचे बाग-उपाहारगृह, मग त्याला तळघर का म्हणावे, हे बाबांनी विचारले. उत्तर शेजारच्याच दगडी भिंतीत होते. टेकडीच्या पोटात वाळूच्या खडकात खोदलेले लांबच लांब बोगदे आहेत आणि त्यांची कमानदार दारे या बैठकींच्या मागे उघडतात. त्यातले एक दार अर्धवट उघडे होते. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, त्यांनी तळहात पुढे केला, आणि मग आम्हा सर्वांना बोलावून तसेच करायला सांगितले. बाहेर पंचवीस अंशांचे ऊन असताना त्या फटीतून ओलसर, खडकाचा वास असलेली गार हवा हातावर येत होती. 'सहा-सात अंश असेल आत,' असे ते म्हणाले. दूध चार अंशांवर ठेवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या तळहाताचा अंदाज सहसा चुकत नाही. उन्हाळ्यातही आतले तापमान दहा अंशांच्या खाली राहते, हे मला पूर्वी वाचून ठाऊक होते.

हे तळघर म्हणजेच या उत्सवाचे मूळ आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. या भागात बनणाऱ्या बिअरचे यीस्ट भांड्याच्या तळाशी राहून काम करते आणि त्याला दहा अंशांच्या खालचा गारवा लागतो. गोठवणारी यंत्रे येण्यापूर्वी उन्हाळ्यात अशी बिअर करणे आणि टिकवणे अवघड होते. म्हणून हिवाळ्यात तयार केलेली बिअर पिंपांत भरून टेकडीच्या पोटात ठेवायची, तळ्यांवरचा बर्फ कापून तोही आत रचायचा, आणि वरच्या जमिनीला ऊन लागू नये म्हणून दाट सावलीची झाडे लावायची, अशी पद्धत पडली. चेस्टनटची मुळे फार खोल जात नाहीत, त्यामुळे खालच्या छताला तडे जाण्याची भीती कमी असते. उन्हाळ्यात पिंपे बाहेर निघू लागली, तसे लोक त्याच सावलीत बाक टाकून बसू लागले. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी मद्यनिर्मात्यांसाठी शीतकरण यंत्र विकसित केले आणि १८७६ च्या सुमारास ते अमोनियावर चालू लागले. त्यानंतर गावोगावच्या भट्ट्यांना थंड टेकडीची गरज उरली नाही. हे मी सांगत होते आणि बाबांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद उमटत होता. त्यांच्या दूध संघातले जुने कॉम्प्रेसर अमोनियाचेच होते. 'म्हणजे आपलं यंत्र मुळात यांच्यासाठी झालं होय,' असे ते म्हणाले, आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या जर्मन माणसाला माझ्याकरवी तेच सांगत राहिले. कोणालाही त्याचा कंटाळा आला नाही. उलट एका गृहस्थांनी तर बाबांना अमोनियाची गळती ओळखण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल प्रश्न विचारले.

जागा मिळवणे हा या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. बरीच टेबले संध्याकाळसाठी आधीच राखीव असतात आणि त्यांवर तशी पाटी किंवा चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठीवर वेळ पाहावी, कारण त्या वेळेपर्यंत तिथे बसता येते. पूर्ण रिकामे टेबल शोधत फिरण्यापेक्षा अर्धवट भरलेल्या टेबलाशी जाऊन 'इथे जागा आहे का?' असे विचारणे हीच इथली रीत आहे. अनोळखी माणसे एकाच बाकावर खेटून बसतात, आणि एकदा बसली की अनोळखी राहत नाहीत. आम्ही एंटलास केलरच्या मधल्या पायरीवर, एका वृद्ध जोडप्याच्या टेबलाशी विचारले. आजींनी आपली पर्स उचलून जागा केली आणि बाकावरचे चेस्टनटचे पान झटकून आईला हाताने बसायची खूण केली.

त्या आजींनी घरून सगळी शिदोरी आणली होती. चौकटीचा लहान टेबलक्लॉथ, काळसर पाव, लोणी, चिरलेली पात आणि एक हातभर लांब पांढरा मुळा. फ्रँकोनियातील केलरची ही जुनी चाल आहे: पेय तिथले घ्यायचे, खाणे घरचे आणले तरी चालते. तरीही आम्ही डबा उघडण्यापूर्वी काउंटरवर विचारून घेतले. खाणे चालेल, पेये मात्र बाहेरची नकोत, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक ठिकाणी असे विचारून घेणे बरे, कारण सर्वांचे नियम सारखे नसतात.

मुळ्याचे जे काही झाले ते मला फार आवडले. आजींनी मुळा आडवा धरला, त्यात सुरी किंचित तिरकी रोवली आणि मुळा फिरवत फिरवत असा कापला की तो अखंड राहूनही एखाद्या झालरीसारखा ताणता येऊ लागला. मग घड्यांच्या आत बोटांनी मीठ भुरभुरवले आणि तो बाजूला ठेवून दिला. काही मिनिटांत त्याला पाणी सुटले, थेंब ताटलीत जमले, आणि मगच आजींनी तो पुढे केला. तिखटपणा उतरलेला, कुरकुरीत, मिठाने ओला. आई मुळ्याची कोशिंबीर करताना तो किसून, मीठ लावून पिळून घेते. दोघींचे काम एकाच कारणासाठी चालले होते आणि त्या दोघींनाही ते समजले. आईने दशमीचा तुकडा आणि चटणी त्यांच्या ताटलीत वाढली. आजींनी चटणी आधी लोण्यावर लावून पाहिली, मग नुसती खाल्ली, आणि यात काय आहे ते माझ्याकडून लिहून घेतले. दोघींना एकमेकींची भाषा अजिबात येत नव्हती. त्या जवळजवळ दोन तास बोलत होत्या.

शाकाहारी माणसाने काय खावे हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण टपऱ्यांवर मांस जास्त असते: फ्रँकोनियन पद्धतीचे भाजलेले सॉसेज, कोळशावर काठीला लावून भाजलेला मासा, डुकराच्या मांसाचे प्रकार. शाकाहारी पदार्थांतही विचारून घ्यावे लागते. ब्रेत्सेल म्हणजे गाठीच्या आकाराचा खारा पाव बहुतेक ठिकाणी निव्वळ मैद्याचा असतो, परंतु काही बेकऱ्या त्यात चरबी घालतात. बटाट्याच्या किसाचे तळलेले घावन सफरचंदाच्या गोड मुरांब्याबरोबर देतात, दिसते अत्यंत शाकाहारी, पण त्यात अंडे असते. चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका घालून कालवलेल्या पदार्थाला म्युनिककडे ओबाट्सडा आणि इकडे गेरुप्फ्टर म्हणतात. तो ब्रेत्सेलला लावून सुंदर लागतो, मात्र त्यात पुष्कळदा थोडी बिअर घातलेली असते. आम्ही विचारले, तेव्हा विक्रेत्या मुलीने आत जाऊन खात्री केली आणि 'हो, घातली आहे' असे प्रामाणिकपणे सांगितले. आईने ब्रेत्सेल, लोणी, मुळा, उकडलेले मक्याचे कणीस आणि साखरेचे बदाम एवढ्यावर उत्तम जेवण केले. बाकीच्यांनी गेरुप्फ्टर संपवला.

आता बिअरविषयी. उत्सवासाठी खास बनवलेली फेस्टबिअर नेहमीच्या बिअरपेक्षा थोडी जास्त तीव्र असते आणि ती 'मास' या एक लिटरच्या मापात, राखाडी चिनीमातीच्या जड मगात देतात. हा मग हातात धरला की त्याचे वजनच जपून प्यायला शिकवते. आम्ही बसलो होतो तिथे काउंटरवरून स्वतः आणायची पद्धत होती. बिअरच्या किमतीशिवाय मगाची अनामत रक्कम द्यावी लागते आणि तिची पावती म्हणून एक बिल्ला मिळतो. मग आणि बिल्ला दोन्ही परत केले तरच पैसे परत मिळतात, म्हणून बिल्ला खिशात नीट ठेवावा. बाबा आणि माझा नवरा या दोघांनी मिळून एक मास घेतली आणि ती दुपारभर पुरवली. आजोबांनी बाबांना रीत शिकवली: हातातले मग एकमेकांना वरच्या काठाने न टेकवता तळाकडच्या जाड भागाने टेकवायचे, आणि 'प्रोस्ट' म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे. टेबलावरच्या प्रत्येकाशी हे करायचे, कोणालाही वगळायचे नाही. त्यामुळे माझा मुलगा सफरचंदाच्या रसात सोडा घातलेल्या पेयाचा ग्लास घेऊन आणि आई लिंबू सरबताचा ग्लास घेऊन त्या फेरीत सामील झाली. आईला मी आधी विचारले होते, की तिला हे चालेल ना. 'माझ्या ग्लासात काय आहे ते मला माहीत आहे,' एवढेच ती म्हणाली.

मद्यपानाबद्दल आपल्या मनात जो संकोच किंवा जी भीती असते ती मी कमी लेखत नाही. दारूने बसलेली घरे आम्ही आमच्याच गल्लीत पाहिली आहेत, आणि इथेही रात्री उशिरा टेकडीवरून हेलकावे खात उतरणारी तरुण मुले दिसतात. पण दिवसाउजेडी, तीन पिढ्या एका टेबलाशी बसलेल्या असताना, जेवणाबरोबर, तासन्‌तास एकच मग पुरवत चाललेले ते पिणे मी पाहिले, आणि ते मला वेगळ्या प्रकारचे वाटले. आजोबांनीही एकच मास घेतली आणि नंतर पाणी मागवले. जर्मनीत बिअर विकत घेण्याचे वय सोळा आहे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना आईवडील बरोबर असल्यास ती पिता येते. हा नियम मला पटत नाही, आणि तसे मी आजोबांना सांगितले. त्यांनाही तो पटत नव्हता. यावर आम्ही बराच वेळ बोललो.

आजोबांकडून गावाच्या भट्ट्यांचीही हकिकत कळली. किट्समान ही १७१२ पासूनची एर्लांगेनची भट्टी २०१८ मध्ये बंद झाली. हे सांगताना त्यांना झालेले दुःख खरे होते. त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरी तीच बिअर येत असे. गावात आता श्टाइनबाख ही लहान भट्टी आहे आणि उत्सवात आसपासच्या भट्ट्यांची पिंपे येतात. शेवटच्या सोमवारी रात्री एरिश केलरपाशी बारा दिवसांतले शेवटचे पिंप समारंभपूर्वक 'पुरतात', हजारो लोक पांढरे रुमाल हलवत एक जुने विरहगीत म्हणतात, आणि आजी दरवर्षी त्यासाठी इस्त्री केलेला रुमाल नेतात, असे त्यांनी सांगितले. करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये उत्सव झाला नाही. त्या दोन वर्षी हे दोघे आपला मुळा आणि पाव घेऊन नुसतेच टेकडीवर येऊन बसले होते.

मुलांचा वेळ अर्थातच पाळण्यांत गेला. कुटुंबांसाठी काही दुपारी पाळण्यांचे दर कमी असतात, ते आधी पाहून जावे, कारण एरवी चार-सहा फेऱ्यांतच बरीच रक्कम संपते. आम्ही प्रत्येकाला तीन फेऱ्या ठरवून दिल्या आणि कोणत्या ते त्यांनीच निवडायचे असे सांगितले. मुलाने तिन्ही वेळा अग्निशमन गाडीच्या आकाराचा तोच गोल फिरणारा पाळणा निवडला, कारण त्यातली घंटा खरोखर वाजत होती. मुलीला आजीबरोबर मोठ्या चक्रात बसायचे होते. आई मान्य करील असे मला वाटले नव्हते, पण ती गेली. वर गेल्यावर जुन्या गावाची लाल कौले, चर्चचे मनोरे आणि पश्चिमेला रेग्निट्स नदीचे खोरे दिसते. खाली आल्यावर मुलीने जिंजरब्रेडचे मोठे हृदय मागितले, ज्यावर पांढऱ्या साखरेने अक्षरे काढलेली असतात आणि जे रिबिनीने गळ्यात घालतात. ते खायला कडक आणि बेचव असते, भिंतीवर टांगण्यासाठीच घ्यावे.

साडेपाचच्या सुमारास वाद्यवृंदाने आवाज तपासायला सुरुवात केली, राखीव टेबलांची मंडळी येऊ लागली आणि बाकांमधली वाट अरुंद झाली. निघण्याची हीच वेळ. बिअरचे मग परत करण्याच्या खिडकीवर अजून रांग नव्हती. सातनंतर तिथे बराच वेळ जातो असे आजोबांनी बजावले होते. मुलीने मग आणि बिल्ला देऊन अनामत परत घेतली. उतरताना मुख्य रस्त्याने न जाता आजोबांनी दाखवलेल्या बाजूच्या पायवाटेने आम्ही गेलो, कारण त्या वेळी सारी गर्दी समोरून चढत असते आणि बाबागाडी किंवा काठी घेऊन प्रवाहाविरुद्ध उतरणे त्रासाचे होते. बाबांना पायऱ्या उतरताना गुडघ्याचा त्रास होतो. तिथल्या प्रथमोपचार केंद्रातील स्वयंसेवकाने न मागता त्यांना उताराचा सोपा भाग दाखवला.

घरी आल्यावर आईला मी सरळ विचारले, की पुन्हा येशील का. तिने नेहमीप्रमाणे नेमके उत्तर दिले: दिवसा येईन, संध्याकाळी नाही, आणि येताना मेतकूट आणेन, कारण त्या बाईंना लोण्याबरोबर ते आवडेल. आजींचा पत्ता त्यांनी स्वतःच चटणीच्या कृतीच्या कागदाखाली लिहून दिला आहे. बाबांचे म्हणणे वेगळे होते. एंटलास केलरमध्ये बोगद्यांच्या मार्गदर्शित फेऱ्या होतात हे त्यांना कळले आहे आणि त्यांना आत जाऊन तापमान मोजायचे आहे.

ज्यांना आईवडिलांना घेऊन जायचे असेल त्यांच्यासाठी तारखांचे गणित सांगून ठेवते. पेंटेकॉस्ट ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो, त्यामुळे उत्सव कधी मेच्या मध्यावर तर कधी जूनमध्ये पडतो, आणि पाहुण्यांच्या व्हिसाची नव्वद दिवसांची मुदत लक्षात घेता तिकिटे काढण्यापूर्वी ती तारीख पाहणे आवश्यक आहे. २०२७ मध्ये पेंटेकॉस्टचा रविवार १६ मे रोजी आहे, म्हणजे पिंपाला तोटी १३ मेच्या गुरुवारी ठोकली जाईल. आम्ही आईबाबांसाठी एप्रिलअखेरची तिकिटे पाहतो आहोत, आणि परतीची जूनच्या शेवटी ठेवणार आहोत, म्हणजे गर्दी ओसरल्यावर बाबांची बोगद्याची फेरीही निवांत होईल.